जोडीनं नाचणाऱ्यांचं चित्र जमत नाहीये, तोल कागदावर कसा आणायचा?

खडूफळा | ४ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडले म्हणून लिहिते.

मी सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवते, एकवीस वर्षं झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवते. स्मरणचित्राला 'फुगडी खेळणाऱ्या मुली' हा विषय आला तर काय काढायचं, हे माझ्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. दोन तिरक्या मुली, मधे हातांची फुली, उडालेल्या वेण्या, मागं झाड, कोपऱ्यात बघत बसलेली आजी. ग्रेड मिळते. हे सगळं मीच शिकवलंय, म्हणून पुढचं सांगायची जरा लाज वाटते.

डिसेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आणि ज्यांनी वरातीतसुद्धा कधी हात वर केला नाही त्या आमच्या ह्यांनी वॉल्ट्झच्या (जोडीनं, तीन ठोक्यांवर करायचा पाश्चात्य नाच) क्लासला दोघांची नावं घातली. जुळे सोलापुरात एका गच्चीवर क्लास चालतो. साडेसातच्या आत फरशीवर पाय ठेववत नाही. सात जोड्या आहेत, त्यातल्या निम्म्या पोरांच्या लग्नातल्या संगीतसाठी आलेल्या.

मार्चमधे एका संध्याकाळी चार पावलं अशी पडली की कोण नेतंय आणि कोण जातंय तेच कळेना. मोजून चार. पाचव्याला ह्यांनी माझ्या अंगठ्यावर पाय दिला.

मला ती चार पावलं काढायची आहेत. साठेक रेखाटनं झाली. चारकोलनं केली, शाईनं केली, व्हिडिओ थांबवून थांबवून केली. प्रत्येकात दोन माणसं शरीरशास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहेत. पण एकत्र बघितलं की स्टेजवर आहेराच्या फोटोला उभं केलेलं जोडपं दिसतं. काय चुकतंय?

---

शेंगापोळी | ४ एप्रिल, रात्री ११.०२

पंचवीस वर्षांनी नवरा आपण होऊन नाचायला तयार झाला? ताई, चित्र राहू द्या, आधी त्यांना काय खाऊ घालता ते लिहा.

---

तिसरा_ठोका | ५ एप्रिल, सकाळी ७.१५

मी मूळची सोलापूरची. आता पुण्यात आहे, बारा वर्षं बॉलरूम शिकले आणि थोडं शिकवलं. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक शंका आहे. तुम्ही दोघांना नाकासमोर नाक असं उभं केलंय का?

वॉल्ट्झच्या पकडीत समोरासमोर उभं राहत नाहीत. दोघंही आपापल्या डावीकडे थोडे सरकलेले असतात. त्यामुळे प्रत्येकाचा उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधे जातो. चार पावलं चेनच्या दातांसारखी एकमेकांत बसतात. पुरुषाच्या डाव्या हातात बाईचा उजवा हात, बाजूला लांब केलेला. त्याचा उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर. तिचा डावा हात त्याच्या दंडावर. आणि दोघंही आपापल्या डाव्या बाजूला, समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतात. एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाचतात ते सिनेमात.

दुसरं म्हणजे व्हिडिओ कुठल्या ठोक्यावर थांबवता? 'एक' ला गुडघे सैल असतात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर चाललेलं असतं. मग अंग चढत जातं, दोन-तीनला दोघं टाचा उचलून उंच, आणि तीनच्या शेवटी परत खाली. सगळे फोटो तीनला काढतात, कारण तेव्हा छान दिसतं. पण तेव्हा हालचाल संपलेली असते. तुमचं जोडपं आहेराच्या फोटोसारखं दिसतंय, कारण तुम्ही 'तीन' काढताय. 'एक' काढून बघा.

---

जुना_पूल | ५ एप्रिल, सकाळी ९.३०

आपल्याकडे लावणी आहे, लेझीम आहे, फुगडी आहे. सोलापूरच्या गणपतीतलं लेझीम बघायला लांबलांबून लोक येतात. ते सोडून हे वॉल्ट्झ कशाला? आधी मातीतलं काढा, मग व्हिएन्नाला जा.

---

शेंगापोळी | ५ एप्रिल, सकाळी ९.४१

काका, लावणी जोडीनं कुठं नाचतात? आणि लेझीम तर शंभर जणांचं. उरली फुगडी.

---

लांबची_मामी | ५ एप्रिल, दुपारी २.२०

फुगडीचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी बार्शीची, वय चौसष्ट. मंगळागौरीला आमच्या गल्लीत माझ्याशी फुगडी घालायला कुणी धजत नसे.

बाई गं, तू मुलांना हातांची फुली शिकवलीस ते ठीक. पण हात नुसते हातात नसतात. आम्ही मनगटं धरायचो. घामानं बोटं निसटतात, मनगट निसटत नाही. पावलं एकमेकींना चिकटून, आणि मग मागं रेलायचं. मागं रेलायला नव्या पोरी घाबरतात, सरळ उभ्या राहूनच गोल फिरतात. ती फुगडी नव्हे, ते दळण. रेललं की वेग आपोआप येतो. आणि नजर ठेवायची समोरचीच्या कुंकवावर. आजूबाजूला बघितलंस की भोवळ आलीच. अंगण, तुळस, बघणाऱ्या बायका सगळ्याचा चिखल होतो, तेवढा एक चेहरा स्थिर असतो.

तुझ्या चित्रात झाड आणि आजी नीट दिसतात म्हणतेस. फिरणारीला कसली आजी दिसते!

---

न्यूटनचा_पुतण्या | ५ एप्रिल, दुपारी ४.०५

मामींना दंडवत. चित्रकलेत मला चित्रासाठी कधी पास केलं नाही, दयेपोटी केलं, पण त्यांनी जे सांगितलं त्यात एक सोपी परीक्षा दडलेली आहे.

फुगडीतली बाई एकटी असती तर पाठीवर पडली असती. तिचं वजन पावलांच्या मागं गेलेलं असतं. ती पडत नाही कारण समोरची तेवढ्याच जोरानं तिला ओढते आहे. म्हणजे दोघी मिळून एक वस्तू आहेत, तिचा गुरुत्वमध्य दोघींच्या मधल्या हवेत, कुणाच्याच अंगात नाही. एक जाड, एक बारीक असेल तर हातातली ओढ दोघींना सारखीच, म्हणून बारकीला जास्त रेलावं लागतं. तुमच्या मुलांच्या चित्रात दोघी सारख्याच तिरक्या असतील, पैजेवर सांगतो.

आता परीक्षा. चित्रातल्या एकाला तळहातानं झाका. उरलेलं माणूस निवांत उभं दिसलं तर चित्र चुकलं. ते आता पडणार असं वाटलं पाहिजे.

---

खडूफळा | ५ एप्रिल, रात्री ९.५०

@न्यूटनचा_पुतण्या, आत्ता साठच्या साठ कागद जमिनीवर पसरून हात ठेवून बघितला. अठ्ठावन्न जण आरामात उभे आहेत. एक तर बसची वाट बघतोय. दोघं पडतायत, आणि ती दोन रेखाटनं मी घाईत केली म्हणून टाकून देणार होते.

@लांबची_मामी, आजी आणि झाड पुसलं. मुलांना काय सांगू ते बघते. पेपर तपासणाऱ्याला झाड लागतं.

---

तिसरा_ठोका | ६ एप्रिल, सकाळी ७.०५

झाकून बघायची परीक्षा छान आहे, पण वॉल्ट्झला सरसकट लावू नका. वॉल्ट्झमधे आपला तोल आपण सांभाळायचा असतो. जो समोरच्यावर लोंबकळतो त्याला क्लासमधे बोलणी बसतात. वरचं अंग दोघांचं बाहेरच्या बाजूला ताणलेलं, पोटाकडून जवळ, वळणात तो ताण वाढतो. म्हणजे झाकल्यावर माणूस पडताना नाही, थोडं हललेलं दिसायला हवं.

टँगोत एक जवळची पकड आहे, तिच्यात फुगडीच्या बरोबर उलटं होतं. दोघं छातीकडून एकमेकांकडे कलतात, उलट्या व्ही सारखे. (टँगो अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांचा. २००९ साली युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतला तोही दोघांच्या मिळून नावावर.) म्हणजे फुगडी बाहेर, टँगो आत, वॉल्ट्झ मधे. तुमचे ते दोन कागद बरोबर असतील, पण ते वॉल्ट्झचे आहेत की तुमच्या लहानपणच्या फुगडीचे?

---

न्यूटनचा_पुतण्या | ६ एप्रिल, सकाळी १०.१२

मान्य. पण 'थोडं हललेलं' हे मोजायचं कसं?

---

तिसरा_ठोका | ६ एप्रिल, सकाळी १०.१५

मोजायचं कशाला? नाचून बघा.

---

रेघोट्या | ६ एप्रिल, रात्री ८.३०

धागा आवडला. तीन जुन्या कामांकडे बोट दाखवतो, कारण ताईंचा प्रश्न त्यांनाही पडला होता.

पहिला रेन्वार, फ्रेंच चित्रकार. १८८३ सालातली त्याची नाचणाऱ्या जोड्यांची तीन मोठी चित्रं आहेत. जवळजवळ माणसाएवढी. एक शहरातल्या नाचाचं, एक खेड्यातल्या, एक बुजीवाल गावातलं. शहरातलं जोडपं चकाचक आहे, पण मला ते थंड वाटतं. बुजीवालमधला पुरुष पुढं झुकलाय, त्याच्या गवती हॅटखाली डोळे दिसतच नाहीत. ती लाल टोपडं घातलेली, तोंड जरा वळवलेलं. म्हणजे त्याची ओढ आणि तिचं किंचित मागं राहणं, तोल तिथं आहे. आणि जमिनीवर बघा: विडीची थोटकं, जळक्या काड्या, पडलेला फुलांचा गुच्छ. नाच वरती, पण किती वेळ चाललाय ते खालची जमीन सांगते. शहरातल्या आणि बुजीवालच्या चित्रासाठी जी मुलगी उभी राहिली ती सुझान वालादों, पुढं स्वतः नावाजलेली चित्रकार झाली.

दुसरी कामिय क्लोदेल, शिल्पकार. तिचं 'वॉल्ट्झ' तर या धाग्यासाठीच केल्यासारखं आहे. जोडी इतकी कललेली की एकट्यानं कुणीही उभं राहू शकणार नाही. आधी तिनं ती दोघं विवस्त्र केली होती. सरकारी निरीक्षकाला ते रुचलं नाही, म्हणून तिनं कापड चढवलं आणि १८९३ साली ते प्रदर्शनात आलं. गंमत अशी की त्या कापडानंच शिल्पाला वेग आला. घोळ मागं ओढला जातो, पायाशी जमिनीत रुतल्यासारखा होतो, आणि वरची दोघं त्यातून उसळतात. बाबूगिरीनं कलेचं भलं केल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

तिसरा मायब्रिज. घोड्याच्या चारही टापा एकदम उचलल्या जातात का, याचे फोटो काढणारा तोच. त्यानं १८८७ च्या संग्रहात वॉल्ट्झ करणारी जोडीही टप्प्याटप्प्यानं टिपली. नंतर फिरत्या चकतीवर ती जोडी गोल गोल नाचवलीही. ते फोटो एकेक करून बघितले तर प्रत्येक चौकटीत ताईंचं आहेराचं जोडपं आहे. चकती फिरली की नाच.

तात्पर्य काढत नाही. पण व्हिडिओ थांबवून काढू नका, इतकं म्हणतो.

---

शटरबंद | ७ एप्रिल, रात्री १२.१०

फोटोवाल्यांकडून दोन पैसे. शटर एकअष्टमांश सेकंदावर ठेवा, कॅमेरा जोडीबरोबर फिरवा. बऱ्याच फ्रेम फुकट जातील, पण एखादीत दोघांचे चेहरे टिकतात आणि मागची गच्ची पुसली जाते. म्हणजे मामींनी सांगितलेलं कुंकू.

मात्र क्लासमधल्या बाकीच्या जोड्यांना विचारून. नवरात्रात दांडियाचे फोटो काढताना मी न विचारता एकदा एका जोडीचा काढला आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या भावानं मला सात रस्त्यावर गाठलं. चूक माझीच होती. तेव्हापासून आधी विचारतो, मग नाव घालायचं की नाही तेही विचारतो.

---

खडूफळा | १३ एप्रिल, रात्री १०.३०

बरंच झालंय, सविस्तर लिहिते.

आधी 'एक' काढायला बसले. फरक पडला. गुडघे वाकले आणि माणसं एकदम माणसं दिसायला लागली. पण अजून दोन माणसंच. मग रेघोट्यांचं 'जमिनीवर बघा' डोक्यात राहिलं होतं.

आमच्या कोपऱ्यावर वाढदिवसाचा एक मोठा फ्लेक्स उतरवून ठेवला होता, तो पोराकडून मागून आणला. गच्चीवर उलटा पसरला, पांढरी बाजू वर. (भाऊंचा चेहरा खाली गेला, भाऊंनी माफ करावं.) ह्यांच्या तळपायांना गेरू लावला, माझ्या पायांना नीळ. फोनवर तीन ठोक्यांची धून, आणि फ्लेक्सवरून एक फेरी. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू हातातला पापड हातातच धरून बघत राहिल्या.

पावलांचे ठसे कसे असतील याची मला कल्पना होती असं वाटत होतं. नव्हती. सरळ चालीत ठसे दोन रांगांत नाहीत, एकाच वेणीत आहेत: गेरू, नीळ, गेरू, नीळ, एकमेकांच्या पोटात शिरलेले. वळणावर ठसाच नाही. पाय उचललाच जात नाही, चवड्यावर फिरतो, म्हणून तिथं स्वल्पविरामासारखा फराटा उठलाय. टाच जवळजवळ कुठंच उमटलेली नाही, वळताना तर अजिबात नाही. आणि चार-पाच ठिकाणी गेरू आणि नीळ एकमेकांत मिसळून जांभळट तपकिरी डाग पडलेत. ह्यांचं म्हणणं ते डाग म्हणजे पायावर पाय पडलेली ठिकाणं. निम्मी खरी आहेत. पण उरलेल्या ठिकाणी पाय दिलेला मला आठवत नाही. तिथं ह्यांचं पाऊल जिथून उचललं, नेमकं तिथंच माझं पडलं. दोघांची एकच जागा, एका ठोक्याच्या अंतरानं.

आणि पूर्ण फेरी घड्याळाच्या उलट्या दिशेनं. क्लासमधे तशीच शिकवतात. सिद्धेश्वरला उजवी प्रदक्षिणा घालून मग गच्चीवर उलटी, असा माझा सध्या कार्यक्रम आहे.

फ्लेक्स गुंडाळून ठेवलाय. त्यावरून उतरवून जे चित्र केलं त्यात माणसं नाहीतच, नुसते दोन रंग एकमेकांत शिरतात. पहिल्यांदा बरं वाटलं.

---

शेंगापोळी | १३ एप्रिल, रात्री १०.४४

नीळ निघाली का पायांची?

---

खडूफळा | १३ एप्रिल, रात्री १०.४६

नाही. उद्या शाळेत मोजे घालून जाणार. एप्रिलमधे.

---

जुना_पूल | १४ एप्रिल, सकाळी ८.००

मी आधी तिरकस लिहिलं होतं. गेरूच्या ठशांचं वर्णन वाचून आमच्या आईची लक्ष्मीची पावलं आठवली. ती पण एकच पाऊल काढून दुसरं त्याच्या पुढ्यात काढायची, शेजारी नाही. चालू द्या.

आषाढीला वाखरीच्या रिंगणाला जाऊन बघा. सत्तरीचे बाप्ये टोप्या सांभाळत फुगड्या घालतात. वहीत काढण्यासारखं आहे.

---

कांडीवाला | १४ एप्रिल, रात्री ११.२०

अक्का, मी अशोक चौकाकडचा. आमचे आजोबा हातमागावर होते, आता चुलत्याचे चार यंत्रमाग हायत, चादरीचे. मी शिकून कॉम्प्युटरवर डिझाइन करतो, पण मागावर नक्षी उठवणारी भोकं पाडलेली कार्डं माळेत ओवताना लहानपण गेलंय.

तुम्ही लिहिलं दोन रंग एकमेकांत शिरतात. अहो ती तर आमची चादर हाय. घरातली सोलापुरी चादर काढा आणि नक्षीतल्या मोठ्या फुलाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ओढा. दोन थर वेगळे होतील, मधे खिसा असल्यासारखं. एक थर मरून धाग्याचा, एक पांढऱ्या. नक्षीची कड आली की खालचा थर वर येतो, वरचा खाली जातो. तेवढ्या कडेलाच ते एकमेकांत गुंततात, बाकी सगळीकडं आपापले मोकळे. म्हणून तर चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एकीकडं पांढरं फूल मरूनवर, दुसरीकडं मरून फूल पांढऱ्यावर.

तुमच्या त्या तिसरा_ठोका मॅडम म्हणाल्या की आपला तोल आपण सांभाळायचा. थरांचं तसंच हाय बघा. जिथं जागा बदलायची तिथंच धरायचं.

डिझाइन द्या, चुलत्याकडं बारका नमुना काढू. पैसे नकोत, सुताचे द्या.

---

रेघोट्या | १४ एप्रिल, रात्री ११.५८

चादर काढली, फूल ओढलं. चाळीस वर्षं पांघरतोय आणि आतला खिसा आज कळला. बायको विचारतेय, मध्यरात्री चादर का फाडताय.

---

खडूफळा | २ मे, रात्री ९.१५

कांडीवाल्यांच्या चुलत्यांकडे तीनदा जाऊन आले. शेडमधे चार माग एकदम चालू असले की बोलणं ओठांवरून वाचावं लागतं. तिथले कारागीर ते सहज वाचतात, मी मुकी झाले.

पहिला नमुना फसला, आणि चूक सर्वस्वी माझी. मी शाळेतल्या साध्या आलेख कागदावर जोडी काढून दिली, एक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. पण त्या मागावर इंचात ताण्याचे उभे धागे जास्त आणि बाण्याचे आडवे कमी. त्यामुळं कागदावरचा चौकोन कापडावर उभट आयत होतो. माझी जोडी मागावरून उतरली ती सिद्धेश्वरच्या यात्रेतल्या नंदीध्वजाच्या काठ्यांसारखी, लांबच लांब. चुलते काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून घडी केलेला नक्शाचा कागद काढून दाखवला, त्यातल्या चौकटी मुळातच उभट. हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी शिक्षिका म्हणून सांगितलं नाही म्हणे.

दुसऱ्या नमुन्यासाठी सगळं नव्यानं काढलं. उभी मधली रेघ धरली. रेघेच्या डावीकडं मरून जमीन, त्यावर पांढरा पुरुष. उजवीकडं पांढरी जमीन, त्यावर मरून बाई. लांब केलेले हात तिरके वरती चढवून रेघेवर भेटवले. त्याचा पाठीवरचा हात रेघ ओलांडून तिच्या बाजूला गेला की तिथं वेगळी काळी-पांढरी कड द्यायची सोय नाही, दोनच रंग. मग चुलत्यांनी सांगितलं, हात तिच्या मरून अंगावर पांढराच राहू दे, कळतंय. आणि खरंच कळतं. 'एक' चा ठोका घेतलाय, गुडघे सैल. पुतण्यांची परीक्षा लावली, हात ठेवला की उरलेलं माणूस थोडं हलतं. पडत नाही.

माग चालू असताना जोडी पायाकडून वर येते. आधी चार पावलं, मग बराच वेळ नुसती साडी आणि पँट. हातांपर्यंत पोचायच्या आत बाण्याच्या सुताची कांडी संपली आणि माग थांबला. दोघं कमरेपर्यंत. कारागिरानं धोट्यात दुसरी कांडी घातली, तोंडातली सुपारी गालात सरकवली, आणि पुढं चालू. त्या अर्ध्या मिनिटात मी जे बघितलं ते मला साठ कागदांवर जमलेलं नाही.

फोटो टाकलाय, पुढची आणि मागची बाजू.

---

लांबची_मामी | २ मे, रात्री ९.४०

पदर मागं राहिलाय तो बरोबर. फिरणारीचा पदर नेहमी तिच्या नंतर येतो. छान गं.

---

शटरबंद | २ मे, रात्री १०.०५

मागची बाजू जास्त आवडली. का ते सांगता येत नाही.

---

तिसरा_ठोका | ३ मे, सकाळी ६.५५

सुंदर झालंय, मनापासून. पण मागच्या बाजूला पकड चुकलीय! तिथं चित्र आरशातल्यासारखं उलटलंय. पुरुषाचा उजवा हात लांब गेलाय आणि बाईचा डावा. असं कुणी धरत नाही. ज्याचा डावा हात लांब तो नेणारा, त्या हिशेबानं मागच्या बाजूला ताई ह्यांना नेतायत. आणि पाठीवरचा हात मात्र अजून ह्यांचाच. परीक्षक असते तर दोघांना बाहेर काढलं असतं.

---

कांडीवाला | ३ मे, सकाळी ८.२०

ते तसंच होणार ओ मॅडम. पुढं उजवं ते मागं डावं. फुलाला उजवं-डावं नसतंय म्हणून आजवर कुणी विचारलं नाही. देवळाच्या डिझाइनला पण चालतंय. अक्षरं टाकली की मात्र मागून उलटी येतात, ते गिऱ्हाईक गुमान खपवून घेतंय.

एका बाजूनंच बघायचं असेल तर फ्रेम करा, मागं पुठ्ठा लावा. चुलते म्हणायलेत की तसं करायचं तर चादर कशाला, टॉवेल विणला असता.

---

न्यूटनचा_पुतण्या | ३ मे, सकाळी ९.०१

फ्रेम नको. निम्मं चित्र पुठ्ठ्याकडं तोंड करून राहील.

---

खडूफळा | ३ मे, रात्री १०.१०

फ्रेम करत नाही. गच्चीवर कपड्यांच्या दोरीला दोन चिमटे लावून टांगलाय, वाऱ्यानं फिरतो आणि दोन्ही बाजू आळीपाळीनं येतात. तिसरा_ठोका यांची कॉमेंट ह्यांना वाचून दाखवली. ते चहा घेऊन दोरीच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "ही बाजू खरी आहे."

आज क्लासमधे सरांना विचारलं, एकदा मी नेऊ का म्हणून. चार पावलं तरी गेली नाहीत. दुसऱ्यालाच मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

---

शेंगापोळी | ३ मे, रात्री १०.१६

दोरीवरून उतरवताना लक्ष ठेवा, आमच्याकडं अशीच एक चादर शेजारच्यांनी आपली म्हणून घडी करून नेली होती.